हात दाखव

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. गुरुवाणीवर, तिचा अर्थ सांगणाऱ्या टीकांवर लिहायला मोठे विद्वान आहेत, त्यांनी आयुष्यं घातली आहेत. मी फक्त तीन वर्षं एका खोलीत बसून शिकलो. माझी मराठीही शाळेतली. घरी आम्ही आमची बोली बोलतो, बाजारात झाडीकडची मराठी, गुरुद्वारात हिंदी. यातली एकही भाषा माझी आहे असं कुणी मला वाटू दिलेलं नाही. बापूंचं, म्हणजे वडिलांचं, बोलणं मी इथे बाजारातल्या मराठीत लिहिलं आहे, वाचणाऱ्याला कळावं म्हणून. लिहिण्यात चुकलो तर सांभाळून घ्या. घडलं ते मात्र घडलं तसंच लिहितो.

मी अकरा वर्षांचा होतो. गुरुपुरब होता, म्हणजे गुरूंच्या जन्माचा सण. वरठीच्या आमच्या गुरुद्वारात गर्दी होती, भंडारा-तुमसरकडून लोक आले होते. दारात एका बाईंनी माझ्या हातांवर रुमाल्यांची चळत ठेवली. रुमाला म्हणजे ग्रंथसाहिबावर पांघरायचं रेशमी वस्त्र. बाई म्हणाल्या, "बेटा, सामने रख आ." त्या नागपूरच्या पाहुण्या होत्या. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं.

मी दोन्ही हात पुढे करून निघालो. सगळ्यात वरचा रुमाला निळा होता, कडेला सोनेरी झालर. तो घसरू नये एवढंच डोक्यात होतं. अर्ध्या वाटेवर प्रधानजी आडवे आले. प्रधानजी म्हणजे गुरुद्वाराच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांचे ट्रक आहेत, कारखान्याचा माल वाहतात.

"रुक. हाथ दिखा."

हातांत रुमाले होते. कसे दाखवणार? त्यांनी शेजारच्या माणसाला चळत घ्यायला लावली. मी रिकामे हात पुढे केले.

"उल्टे कर."

मी केले. नखांत काळं होतं. पेरांवर काळं होतं. सकाळी दोनदा साबण लावून आंघोळ केली होती. ते सांगायचं होतं.

"देख लो," प्रधानजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सिकलीगर का हाथ. धुलता नहीं." दोघेतिघे हसले. मग मला म्हणाले, "जा, जोड़ेघर में बैठ. तेरी सेवा उधर है."

जोडेघर म्हणजे चपला-बूट ठेवायची खोली. मी गेलो. जाताना मागे पाहिलं. चळतीतला निळा रुमाला त्या माणसाने दोन बोटांनी उचलला, मेलेली पाल उचलावी तसा, आणि बाजूला ठेवला. बाकीचे पुढे गेले.

संगतीच्या, म्हणजे जमलेल्या भाविकांच्या, जोड्यांची सेवा सगळ्यात मोठी, असं त्याच दिवशी स्टेजवरून सांगितलं गेलं. मी जोडेघरात लोकांचे बूट पुसत ते लाऊडस्पीकरवर ऐकलं. नंतर प्रधानजी स्वतः आले. एक बूट उचलला, फडक्याने पुसला, फोटो काढून घेतला, बूट खाली ठेवला, गेले. तो बूट त्यांच्या पुतण्याचा होता. मीच पुसून ठेवलेला.

घरी आल्यावर आईने माझे हात राखेने घासले. मग लिंबाने. मग रॉकेलने. दोन बोटांची साल निघाली. संध्याकाळी जेवताना घास तोंडाजवळ नेला की रॉकेलचा वास यायचा. मला ओकारी आली. माझ्याच हाताची. बापू ऐरणीपाशी बसल्या बसल्या बघत होते. एवढंच म्हणाले, "लोखंड आहे गा ते. मांसात शिरते. घासून का होते?"

आमच्याबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही सिकलीगर. पूर्वज गुरूंच्या फौजेची हत्यारं बनवायचे, त्यांना धार लावायचे, असं घरोघरी सांगतात. हे सांगताना बापूंची मान वर होते. आता आम्ही तेलाचे रिकामे ड्रम कापून बादल्या करतो, कढया, झारे, विळे करतो. वरठी स्टेशनच्या पलीकडे आमची पंधरावीस घरं आहेत. बापू मोटारसायकलवर कढया बांधून पवनीच्या, तुमसरच्या बाजाराला जातात. शाळेत पोरं मला विचारायची, "काय बे सरदार, बारा वाजले का?" शाळेत मी सरदार होतो. गुरुद्वारात लोहार. दोन्हीकडे हसणारे दात सारखेच.

तरी मी गुरुद्वारात जात राहिलो. का, ते नीट सांगता येत नाही. दर रविवारी जोडेघरात बसायचो. आतून वाणी ऐकू यायची. चाल आवडायची, अर्थ कळायचा नाही. आणि मला वाटायचं, ज्या पुस्तकासाठी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, त्यात लिहिलंय तरी काय?

अकरावीत होतो तेव्हा ग्यानीजींच्या पेटीची बिजागरी तुटली. ग्यानीजी म्हणजे आमचे ग्रंथी, रोज ग्रंथसाहिबाचं वाचन करणारे. म्हातारे, एकटे, पंजाबातून फार वर्षांपूर्वी आलेले. लंगरच्या, म्हणजे गुरुद्वाराच्या स्वयंपाकघराच्या, मागे कमिटीने त्यांना एक खोली दिली होती. बापूंनी मला पाठवलं. मी बिजागरी बसवली. पेटीत कापडात गुंडाळलेले सहा जाडजूड ग्रंथ होते.

"ग्रंथसाहिब?" मी विचारलं.

"नहीं. टीका. अर्थ लिखा है इनमें. पुराने साधुओं का किया हुआ." त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. "पढ़ना आता है?"

"मराठी येतं."

"तो आधा काम हो गया. बैठ."

त्यांनी माझे हात पाहिले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्या दिवशी मला तेच सगळ्यात मोठं वाटलं होतं.

गुरुमुखीची पस्तीस अक्षरं मी आठ दिवसांत शिकलो. मग संथा सुरू झाली. गुरूच्या समोर बसायचं, ते म्हणतील तसं म्हणायचं, एक मात्रा चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. वर्षभर नुसतं वाचायला लावलं. अर्थ विचारला की म्हणायचे, "पहले जीभ सीधी कर. अर्थ कहीं भागा नहीं जा रहा."

दुसऱ्या वर्षी टीका उघडल्या. ती भाषा आजची पंजाबी नव्हे आणि हिंदीही नव्हे, जुन्या साधूंची वेगळीच. ओळ सुरू व्हायच्या आधी उत्थानिका असते, म्हणजे हा शबद, हे पद, कुठल्या प्रसंगावर झालं, कुणी कुणाला काय विचारलं. मग एकेका शब्दाचा अर्थ. मग ओळीचा अर्थ. आणि मग एक शब्द येतो, ज्याने मी पहिल्यांदा वैतागलो आणि नंतर त्याच्या प्रेमात पडलो. अथवा. एक अर्थ झाला की अथवा, दुसरा. पुन्हा अथवा, तिसरा. कधी कधी चार.

मी दोनशे पानी वहीत मराठीत उतरवून घ्यायचो. एकदा कंटाळून एकच अर्थ लिहिला, सोपा होता तो. ग्यानीजींनी वही मागितली.

"बाकी कहाँ गए?"

"एक पुरे ना, ग्यानीजी."

"अथवा मत काटना," ते म्हणाले. रागावले नव्हते, पण आवाज बदलला होता. "लिखने वाले ने किसी का अर्थ छोटा नहीं किया. तू कौन?"

त्यानंतर मी एकही अथवा कापला नाही.

एक दिवस आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शिंपी संताचा शबद आला. पंजाबच्या ग्रंथात इकडचा शिंपी बसलाय हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. एका शब्दावर टीकाकार अडला होता. एक अर्थ, अथवा दुसरा, अथवा तिसरा. मी वाचून हसलो. तो साधा मराठी शब्द होता, आणलं या अर्थाचा. लंगरमध्ये कामाला असलेली कुंदाबाई दिवसातून दहा वेळा म्हणते.

ग्यानीजींना सांगितलं. ते मांडीवर थाप मारून हसले. "टीकाकार को एक बार वरठी आना चाहिए था!"

त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मी मोठमोठ्याने गात होतो. बापू म्हणाले, "का झालं गा? नोकरी लागली का?" मी म्हणालो, त्या ग्रंथात आपली मराठी आहे, बापू. त्यांनी हातोडा खाली ठेवला. "आन आपण?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आपणही आहोत. विणकर आहे, शिंपी आहे, चांभार आहे, खाटीक आहे. बापूंनी हातोडा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "मंग त्याहिले कोणी जोडेघरात नाही बसवलं?"

मी पुढच्याच आठवड्यात तो शबद शोधून काढला, ज्याच्या उत्थानिकेत त्याच शिंप्याला हलक्या जातीचा म्हणून देवळातून हाताला धरून उठवलं होतं. मी ती उत्थानिका ग्यानीजींसमोर मोठ्याने वाचली. दोनदा वाचली. मग विचारलं, "ग्यानीजी, आणि आपल्या प्रधानजींनी मला..."

त्यांनी ग्रंथ मिटला. कापडात गुंडाळला.

"टीके में जितना लिखा है, उतना पढ़."

मला वाटलं, आज त्यांना बरं नसेल. मी तेव्हा असाच होतो. प्रत्येकासाठी माझ्याकडे एक अथवा तयार असायचा.

मग तो अखंडपाठ आला. अखंडपाठ म्हणजे ग्रंथसाहिब पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाचायचा, जवळजवळ दोन दिवस. वाचणारे पाठी दोन-दोन तासांच्या पाळ्या घेतात. एकाने उठायच्या आधी दुसरा शेजारी येऊन बसतो, ओळ तुटू देत नाहीत. प्रधानजींच्या मुलाचा परदेशचा व्हिसा लागला होता, त्याच्यासाठी हा पाठ होता. नागपूरहून पाठी आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकाला उलट्या सुरू झाल्या. दुपारची दोन ते चारची पाळी रिकामी पडली.

ग्यानीजींनी माझं नाव सांगितलं. प्रधानजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नऊ वर्षं झाली होती, पण त्यांचे डोळे आधी माझ्या हातांवर गेले. माझे हात आपोआप मागे गेले. याची मला आजही लाज वाटते.

"नहाया है?"

"हो, जी."

"दोबारा नहा ले."

मी दुसऱ्यांदा आंघोळ केली. नखं कापली, इतकी की एका बोटातून रक्त आलं. मग मी ग्रंथसाहिबासमोर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. मागे नाही, बाजूला नाही, दारातही नाही.

दोन तास मी वाचलं. साठ पानं, आम्ही त्यांना अंग म्हणतो. योगायोग बघा, माझ्या वाट्याला तीच पानं आली ज्यांत विणकर बोलतो, शिंपी बोलतो, चांभार बोलतो, खाटीक बोलतो. नुसतं वाचायचं होतं, अर्थ सांगायचा नव्हता. पण मला अर्थ येत होता. प्रत्येक ओळीमागे दोन दोन, तीन तीन अर्थ चालत येत होते. माझा आवाज आधी कापत होता, मग स्थिर झाला. समोर माणसं फार नव्हती. दुपारी कोण बसतं? कुंदाबाई खिडक्या पुसत होती. प्रधानजींचा मुलगा, ज्याच्यासाठी पाठ होता, तो भिंतीला टेकून मोबाइल बघत होता.

चारला ग्यानीजी शेजारी येऊन बसले. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं, मी उठलो. ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "घर जा. आराम कर. कल भोग पर आना."

मला थांबायचं होतं. पण गुरू सांगतो म्हणजे काळजीने सांगत असेल. मी गेलो.

भोग म्हणजे पाठाची समाप्ती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती. बापूंना पहिल्यांदाच घेऊन गेलो. त्यांनी ठेवणीतली पगडी बांधली होती. आई दारापर्यंत सोडायला आली. दहा वाजले. अकरा वाजले. पाठ संपेना. लंगरमध्ये कुंदाबाई पातेल्यावर झाकण आपटत होती.

"दोन घंटे उशीर! दाळ गोठून राहिली न् माणसं बाहेर बसून राहिले. वाचणारे झोपले होते का?"

मी तिला म्हणालो, होतं असं, एखादा पाठी हळू वाचणारा असतो. तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती. मग वळली आणि पोळ्या मोजायला लागली.

बाराला भोग पडला. पाठी लोकांना एकेक करून पुढे बोलावलं. प्रत्येकाच्या गळ्यात सिरोपा घातला, म्हणजे मानाचं केशरी वस्त्र. उलट्या झाल्या म्हणून न वाचलेल्या पाठीलाही घातला. मी बापूंच्या शेजारी बसून होतो. माझं नाव येईल म्हणून मी पगडी दोनदा सारखी केली. बापू कानात म्हणाले, "आता तुहाच नंबर." नंबर आला नाही. अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, झाली, लोक उठले.

बाहेर अंगणात प्रधानजींनी मला हाक मारली. चार लोक सोबत होते. मला वाटलं, बोलावून सिरोपा देतील. मोठी माणसं, गडबडीत राहून गेलं असेल.

त्यांनी पायाने लंगरची मोठी कढई माझ्याकडे सरकवली. बुडातून गळत होती.

"इसका पेंदा ठोक के शाम तक दे जा."

बापू पुढे झाले. सवयीने वाकले. त्यांचे हात कढईच्या कड्यांना लागले. ठेवणीतली पगडी बांधलेला माझा बाप वाकला. मला राग आला नाही. शिसारी आली. त्या कढईची, त्या अंगणाची, दोनदा सारख्या केलेल्या माझ्या पगडीची. सकाळपासून मी हपापलेल्या कुत्र्यासारखा त्या केशरी कापडाकडे बघत होतो, त्याची.

"बापू, उचलू नका," मी म्हणालो.

"काहून?"

"नका उचलू."

मी प्रधानजींकडे वळलो. मला बोलता येत नाही, मी अडखळतो. तेव्हाही अडखळलो. "प्रधानजी, हे... हे आमचं दुकान नाही. आमचं दुकान स्टेशनच्या पलीकडे आहे. कढई तिकडे आणा. आणि मी काल... पाठ वाचला आहे."

ते रागावले नाहीत. त्यांनी सोबतच्यांकडे पाहिलं आणि हसले. ओठांच्या कोपऱ्यातून.

"अच्छा? तूने पढ़ा?" ते म्हणाले.

सोबतचेही हसले. त्या हसण्यात काहीतरी होतं जे चौघांना माहीत होतं आणि मला नव्हतं. मी बापूंचा हात धरला आणि बाहेर आलो. कढई अंगणातच राहिली. वाटेत बापू एवढंच म्हणाले, "उगीच केलं गा. पेंदाच तर होता." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "पर बरं केलं."

जोडेघरात मी त्या दिवसापासून बसलो नाही. ग्यानीजींकडे मात्र जात राहिलो, मागच्या दाराने. ते पूर्वीपेक्षा जास्त मायेने शिकवायला लागले. चहा करून द्यायचे. पण माझ्या डोळ्यांत बघायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांना माझ्या अपमानाचं वाईट वाटतं.

या उन्हाळ्यात ते कायमचे पंजाबला गेले. जाताना सहातला एक खंड मला दिला, चौथा. मी अखंडपाठात वाचलेल्या पानांची टीका त्यात आहे. पहिल्या कोऱ्या पानावर त्यांनी आशीर्वाद लिहिला होता. मी खंड डोक्याला लावला. त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले. "ना ना," म्हणाले. डोळे पुसले. मीही रडलो.

त्या दोन तासांच्या उशिराची गोष्ट मला दिवाळीनंतर कळली. धानाची कापणी सुरू झाली होती, दुकानात विळ्यांची गर्दी होती. कुंदाबाई तिचा विळा घेऊन आली. गुरुद्वारातलं काम तिने सोडलं होतं, आता मजुरीने धान कापायला जात होती. बापू बाजाराला गेले होते. मी धार लावायला बसलो.

"तुहा तो बुढा गेला म्हणते?" तिने विचारलं.

"हो. मला ग्रंथ देऊन गेले." मी अभिमानाने सांगितलं.

ती विळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुले एक सांगू का गा सरदार? आता मी तेथं नाही. सांगाले हरकत नाही."

"सांग ना, बाई."

"त्या दिवशी तू वाचून गेला ना. तुह्या मांगून बुढा बसला. तू दाराबाहेर पडला, तसा तो प्रधान आला. कानात काही बोलला. बुढ्यानं मान खाली घातली. मंग त्यानं पानं उलटी फिरवली. एक नाही, दोन नाही, लय. तू जेथून सुरू केलं होतं ना, तेथवर. न् तेथून पुन्हा वाचाले लागला. मी खिडकीतच होती. मले वाचता येत नाही, पर पानं मांगं जाऊन राहिली का समोर, ते तं दिसते ना!"

विळा माझ्या हातात तसाच राहिला.

"म्हणून तं दोन घंटे उशीर झाला. न् तू ज्या चादरीवर बसला होता, ते काढाले लावली मले. म्हणे, धुऊन टाक. खालची फरशीही पुसाले लावली. दोनदा. मी म्हटलं, पोरगं तं आंगोळ करून बसलं होतं. तं तो म्हणते, तू आपलं काम कर."

"तेव्हाच का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? भोगाच्या दिवशी तुहा बाप पगडी बांधून आला होता."

ती विळा घेऊन गेली. मी हात धुतले, आत गेलो, चौथा खंड उघडला. पहिल्या पानावर आशीर्वाद होता. सुंदर अक्षर. संथेला मी वर्षभर ज्या बोटाकडे बघत वाचलं, त्याच बोटाने माझी साठ पानं उलटी फिरवली होती. त्याच तोंडाने विणकर, शिंपी, चांभार, खाटीक पुन्हा वाचले होते, माझ्या तोंडाचा त्यांना लागलेला विटाळ पुसायला.

मी वही घेतली आणि त्यांनी शिकवलं तसं लिहायला बसलो. ग्यानीजी घाबरले असतील. अथवा कमिटीची खोली जाईल, म्हातारपणी कुठे जाणार, असं वाटलं असेल. अथवा पुन्हा वाचलं जाणार हे त्यांना आधीच माहीत असेल, आणि तरी मला एकदा बसवायचं असेल. अथवा आतून त्यांनाही तसंच वाटत असेल. चारही लिहिले. एकही कापला नाही. चारही अर्थांना तोच वास येतो, जेवताना माझ्या बोटांना यायचा तो.

ग्रंथावर माझा राग नाही. त्यात जे आहे ते मी वाचलं आहे, साठही पानं. ती माझ्याकडून कुणी परत घेऊ शकत नाही, कितीही उलटी फिरवली तरी.

आता दर रविवारी सकाळी मी आमच्या वस्तीत, ऐरणीच्या शेडमध्ये, पोरापोरींना पस्तीस अक्षरं शिकवतो आणि माझ्या वहीतून अर्थ सांगतो. आमच्या बोलीत. शिंप्याला देवळातून उठवलं ती उत्थानिका आली की थांबतो. टीकेत जितकं लिहिलं आहे तितकंच वाच, असं मला सांगितलं होतं. मी तितकंच वाचत नाही. त्याखाली मी पुढचं लिहिलं आहे. वरठीच्या गुरुद्वारात एक पोरगा दोन तास वाचून उठला, आणि त्याच्यामागून पानं उलटी फिरवली गेली. कुणी सांगितलं, कुणी फिरवली, कुणाला फरशी पुसायला लावली, सगळं. तेच तुमच्यासमोर आज मराठीत ठेवलं.

परवा शेडमध्ये एका लहान पोरीने अक्षराला बोट लावायच्या आधी तळवे उलटे करून माझ्यापुढे धरले. काळे होते. तिला कुणी शिकवलं, मी विचारलं नाही. मी तिचे हात खाली केले आणि सगळ्यांना सांगितलं, वाचायच्या आधी हात धुवायचे, पाण्याने, स्वतःचे स्वतः. दाखवायचे कुणालाच नाहीत. मलाही नाही.